बारावीनंतर चेंडू कुठे जातो?

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना तिथं टीव्हीवर १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी मुलांचा अंतिम सामना झाला, तो पाहणारे १ कोटी ४८ लाख. मुली पहिल्यांदाच पुढे गेल्या! त्या सामन्यात हरलेल्या संघातली केटलिन क्लार्क घरोघरी पोचली. आता गंमत पाहा. त्याच महिन्यात व्यावसायिक लीगनं तिला पहिल्या क्रमांकानं निवडलं आणि तिचा पहिल्या वर्षाचा पगार ठरला ७६,५३५ डॉलर. मुलांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाच्या पोराला पहिल्याच वर्षी एक कोटी डॉलरच्या वर मिळतात. म्हणजे माप इथूनतिथून सारखंच.

मैत्रिणींनो, अमेरिकेचं हे पुराण जुन्नर-आंबेगावात कशाला, असं तुम्ही म्हणाल. मी मंचरला राहते. आमच्या भागात कबड्डी, खो-खो आणि कुस्ती ठाऊक नाही असं घर नाही. बास्केटबॉल त्या मानानं शहरी. तरी ज्या शाळांत रिंग आहे तिथं आठवी-नववीच्या मुली जीव तोडून खेळताना मी बघते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. बारावीपर्यंत हे चालतं. आणि मग? कॉलेजच्या पहिल्या वर्षाला त्यातली एखाददुसरीच मैदानावर उरते. बाकीच्या मुली आजारी पडलेल्या नसतात की त्यांचा खेळ बिघडलेला नसतो.

ओतूरकडची एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. उंच, हाताला लांब, चेंडू बोटांवर नाचवणारी. तिचं खेळणं थांबलं ते साडेपाचच्या एसटीमुळे. कॉलेज सुटतं दुपारी, सराव संध्याकाळी पाच ते सात. पुढची गाडी चुकली की फाट्यावरून वस्तीपर्यंत दीड किलोमीटर उसातून चालत जायचं. आणि जुन्नर, आंबेगावच्या उसात काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. बिबट्याच्या भीतीनं मोठी माणसंसुद्धा अंधार पडायच्या आत दार लावून घेतात, तिथं अठरा वर्षांच्या पोरीला कोण एकटं सोडेल? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण तिकीट निम्मं झालं म्हणून सात वाजताची गाडी सुरू होत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. सराव सकाळी साडेसहाला ठेवा, नाहीतर तास संपल्यावर लगेच दुपारी. दुपारी ऊन लागतं हे खरं, पण खेळ घरात येण्यापेक्षा ऊन बरं. वेळापत्रक मुलांच्या सोयीनं ठरतं आणि मुलींनी त्यात बसवून घ्यायचं, ही सवय आधी मोडायला हवी.

दुसरी अडचण आई-बापांच्या मनातली. "खेळून काय मिळणार?" हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. कांद्याला भाव नसलेल्या वर्षी बुटाला पैसे मागताना तो विचारलाच जाणार. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं, गुळमुळीत नको.

आपली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे त्यात येतात. कॉलेजचा संघ आधी आपल्या विभागात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो. तिथं चमकलेल्या मुली आंतरविभागीय स्पर्धेला जातात, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. म्हणजे जुन्नरच्या मुलीला पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात प्रवेश घेतल्याशिवायही विद्यापीठाचा रंग अंगावर चढवता येतो, निदान नियमाप्रमाणे तरी. २०२० पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या आहेत.

नोकरीचं म्हणाल तर महाराष्ट्र शासनात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मात्र नुसतं खेळून ते मिळत नाही. कुठल्या पातळीवरची स्पर्धा, कितवा क्रमांक, यावर सगळं ठरतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तपासणी कडक आहे, आणि असायलाच हवी. खोट्या कागदावर लागलेली प्रत्येक नोकरी कुणातरी खऱ्या खेळाडूच्या ताटातली असते. रेल्वेही खेळाडू घेते. देशातला मुलींचा सर्वांत दांडगा बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं रेल्वेचाच राहिला आहे.

आणि आपल्या मुली वरपर्यंत जात नाहीत असंही नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. नागपूरची सिया देवधर वयोगटाच्या भारतीय संघांतून पुढे आली. पण नावं पाहा, पुणे, नागपूर. शहराबाहेरचं नाव शोधायला गेलं की बोट थांबतं.

मग शहराबाहेरच्या मुलींकडून होतच नाही का? भिलाईला होतं ना! तिथं राजेश पटेल नावाच्या प्रशिक्षकांनी छत्तीसगडच्या साध्या घरांतल्या मुली गोळा करून संघ बांधला. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत मोठमोठ्या राज्यांना भारी पडला आणि त्यातल्या कितीतरी जणी रेल्वेत नोकरीला लागल्या. पटेल सर २०१८ मध्ये गेले. जिद्दी माणूस आणि रोज न चुकता होणारा सराव, एवढ्यावर ते उभं राहिलं. अर्थात पाठीशी पोलाद कारखाना होता, हेही विसरू नये. आपल्याकडे साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत. बैलगाड्यांच्या शर्यतींना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा पक्का हिरवा कंदील मिळाला, आणि घाटासाठी गावोगाव वर्गणी पटापट जमते. मला शर्यतीचं वावडं नाही, आमच्याही घरी बैल होते. पण त्याच गावात मुलींच्या रिंगला जाळी बसवायची म्हटलं की ठराव पुढच्या सभेला जातो.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचं आहे ते. मुलगी बाहेरगावी सामन्याला निघाली की आई पहिला प्रश्न कुठला विचारते? "बरोबर मॅडम आहेत का?" बाई प्रशिक्षक असली तर निम्म्या घरांतला विरोध तिथंच मावळतो. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हाफ पँटऐवजी आत लेगिंग चालेल का, हे मुली सरांना विचारणार कशा? त्या गप्प बसतात आणि चार दिवस येत नाहीत. मग सर म्हणतात, मुली नियमित नसतात.

अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला, शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही. त्यानं कॉलेजांत मुलींचे संघ वाढले, पैसा आला. त्याआधी मुलींच्या संघांवर नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक बायका होत्या. आज सगळे खेळ मिळून त्या निम्म्याहूनही कमी आहेत. पद मानाचं झालं, पगार आला, तशी पुरुष मंडळी आली! म्हणून आपल्याकडे हे होण्याआधीच बायांनी जागा धरायला हवी.

टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रशिक्षक झाल्या. महिन्याला अडीचशे डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायच्या, मुलींचे कपडे स्वतः धुवायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं नावावर होती. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. आपल्या पालकांना हे आवर्जून सांगा.

आपल्याकडे या वाटेला जायचं तर पदवीनंतर बी.पी.एड., मग एम.पी.एड. पुण्यात त्यासाठी चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा डिप्लोमा होतो, सहा आठवड्यांचा छोटा कोर्सही आहे. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड. नंतर नेट किंवा सेट लागते. स्पष्टच सांगते, भरती रखडलेली असते आणि कित्येक जण तासिका तत्त्वावर वर्षं काढतात. तेव्हा मुलीनं बी.ए., बी.कॉम. मधले गुणही सांभाळावेत.

आणि पूर्ण मैदान नाही म्हणून अडून बसू नका. पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटरचं, त्याला खर्च येतो. पण तिघींविरुद्ध तिघी हा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून अधिकृत झाला आहे. त्याला एकच रिंग लागते, साधारण १५ बाय ११ मीटर जागा आणि बदलीसह चार मुली. दहा मिनिटांत सामना आटोपतो. नारायणगाव-मंचरच्या मंगल कार्यालयांपुढे गाड्या लावायला याहून मोठी फरशी असते, आणि लग्नाच्या तिथी सोडल्या तर ती रिकामीच असते. जमिनीपासून दहा फुटांवर कडं, त्याखाली सहा नंबरचा चेंडू. मुलींचा चेंडू सहा नंबरचाच घ्या. दुकानदार सात नंबरचा गळ्यात मारतो आणि मनगटं दुखतात.