पडले तरी मौनच

विशेष प्रतिनिधी, मुंबई

बोरिवली-मुलुंडच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींतील ज्येष्ठ नागरिक डॉक्टरांना रक्तदाब, साखर, गुडघेदुखी सारे सांगतात. न्हाणीघरात तोल गेल्याचे मात्र सांगत नाहीत. शेजारी मुलगा वा सून बसलेली असते. उद्यापासून एकट्याने भाजीला जाणे बंद होईल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. यामागील कारणे मात्र पुष्कळदा दूर करता येण्याजोगी असतात : झोपेची गोळी, रक्तदाबाच्या औषधाने उठताना येणारी भोवळ, वाढलेला मोतीबिंदू. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास धोका ओळखता येतो. (उपनगरी दवाखान्यात ३ मीटर मोकळी जागा मिळणे, हा वेगळा प्रश्न!)

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने रुग्णालयांत स्वतंत्र रांगेची तरतूद केली. रांग संपल्यावर एकांतात बोलण्याची सोय डॉक्टरांनीच करावयाची आहे. नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून ‘वर्षभरात कधी पडलात का?’ एवढे विचारले, तरी काठी की घरबंदी, हा निर्णय आजोबांना डावलून होणार नाही.