उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा कधी लागणार?

गळीत हंगाम तोंडावर आला, की कारखान्यांच्या आवारात दरवर्षी एक छोटासा कार्यक्रम होतो. आरटीओचे अधिकारी येतात, पोलीस येतात, शेती अधिकारी आणि एखादे संचालक उभे राहतात आणि रांगेतल्या पाच-दहा ट्रॉल्यांच्या पाठीला लाल पट्ट्या चिकटवल्या जातात. फोटो निघतो, बातमी येते. रिफ्लेक्टर लावण्याचा हा उपक्रम चांगलाच आहे, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण पट्टी चिकटवून झाल्यावर त्या ट्रॉलीचा मागचा दिवा लागतो का, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. विचारले, तर बहुतेक ट्रॉल्यांना दिवाच नाही, ज्यांना आहे त्यांची वायर तुटलेली आहे आणि ज्यांची वायर शाबूत आहे ती ट्रॅक्टरला जोडलेलीच नाही, असे उत्तर मिळेल.

नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातून रात्री मोटारसायकलवर जाणाऱ्याला हे सांगायला नको. पुढे काहीतरी काळे आहे एवढे कळते, तोवर उसाचे शेंडे तोंडाशी आलेले असतात. एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून घरी निघालेला पोरगा, लग्नाहून परतणारी जीप, पहाटेची दूधगाडी, असे हे लोक. अपघात झाला की चार ओळींची बातमी येते, त्यात 'अंदाज न आल्याने' हे शब्द ठरलेले. अंदाज येणार कसा? पाठीमागे अंधार ठेवायचा आणि मागून येणाऱ्याने अंदाज बांधायचा, हा कुठला न्याय?

कायद्यात याबद्दल संदिग्ध काही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागले पाहिजेत आणि सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत ते चालू राहिले पाहिजेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हा १५५ चा आकडा ज्याने घातला त्याने विचार करून घातला असावा. ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे दिवा १५५ मीटरवरून दिसला तर उभ्या ट्रॉलीपर्यंत पोहोचायला नऊ सेकंद मिळतात. नऊ सेकंदांत माणूस वेग कमी करतो, बाजू बघतो, शिंगल मारून निघून जातो. दिवा नसेल तर मोटारसायकलच्या मिणमिणत्या उजेडात ट्रॉली दिसते तीस-चाळीस मीटरवर. तेव्हा हातात दोन सेकंद उरतात, त्यातला एक-दीड सेकंद 'हे काय आहे' हे कळण्यातच जातो आणि ब्रेक लागायला रस्ता उरत नाही.

मग रिफ्लेक्टर कशाला आहे, असे कोणी म्हणेल. रिफ्लेक्टर हवाच, पण त्याला स्वतःचा उजेड नाही. मागच्या गाडीचा प्रकाश त्याच्यावर पडला तर तो चमकणार. त्यावर चिखल बसला, ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला, किंवा डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी पहाटे धुके उतरले, की पट्टी असून नसल्यासारखी. आणि ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला, तो उजवीकडे फडाच्या वाटेला वळणार आहे, हे पट्टी सांगू शकत नाही. ते काम ब्रेकलाईटचे आणि इंडिकेटरचे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टायर फुटला, ॲक्सल तुटला, की ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडून ट्रॅक्टर गावात जातो. हूक काढला की वायर निघाली, वायर निघाली की दिवा गेला. अशा एकट्या पडलेल्या ट्रॉलीला रिफ्लेक्टरशिवाय वाली नाही. आपल्याकडे त्या जागी चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवतात. ट्रॉली दुसऱ्या दिवशी हलते, दगड मात्र तिथेच राहतात आणि पुढच्या रात्री एखाद्याला तेच पाडतात. लाल त्रिकोण ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवायला काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्दा वायरीचा. तो बारीक वाटतो म्हणून कोणी बोलत नाही, पण घोडे तिथेच अडते. हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना मागे हुकाजवळ झाकणाचे गोल सॉकेट कंपनीकडूनच बसवून येते. सात पिनांचे. ते ट्रॉलीच्या दिव्यांसाठीच असते. कित्येक मालकांनी ट्रॅक्टर घेतल्यापासून त्याचे झाकण उघडलेले नाही, उघडले तर आत कुंभारणीने घर केलेले सापडते. ज्यांना दिवा लावायची इच्छा असते ते दोन वायरी काढतात, ट्रॉलीच्या वायरींना पीळ देतात, वरून चिकटपट्टी गुंडाळतात. फडात ट्रॉली सोडताना ती वायर हिसकली जाते, परत जोडायला संध्याकाळी अंधारात वेळ कुणाला असतो? आठ दिवसांनी वायर दांडीला गुंडाळून ठेवलेली दिसते ती हंगाम संपेपर्यंत. दोष ड्रायव्हरच्या आळसाचा आहे तसाच त्या पिळाचाही आहे. जी गोष्ट झटकन जोडता येत नाही ती रोज दोन खेपांना कोणी जोडणार नाही. सॉकेटमध्ये प्लग घातला, झाकणाच्या खाचेत अडकवला, झाले, अशी सोय पाहिजे.

सात पिनांचा ठराव मोटारधंद्यात जुनाच आहे. प्लग उघडला की आत आकडे कोरलेले दिसतात. एक नंबर डावा इंडिकेटर, चार नंबर उजवा. पाच उजवा टेललाईट, सात डावा. सहा ब्रेकलाईट. तीन नंबर अर्थ. दोन नंबर धुक्याच्या दिव्याचा, तो आपल्याकडे रिकामाच राहतो. मात्र आपल्या ट्रॅक्टरला कंपनीने किंवा मागच्या मिस्त्रीने याच क्रमाने वायरी जोडल्या असतील असे धरून चालू नये. वायरीच्या रंगावर तर मुळीच जाऊ नये. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पिन तपासावी आणि मग ट्रॉली जोडावी. हे काम बॅटरी-डायनामोचे काम करणारा कोणताही मिस्त्री तासाभरात करतो.

यात सगळ्यात दुर्लक्षित वायर म्हणजे तीन नंबरची, अर्थची. आपल्याकडे समज असा, की लोखंडाला लोखंड लागले आहे, हुकात पिन आहे, मग अर्थ मिळणारच. हुकाला गंज, दांडीला चिखल, वर ग्रीस. त्यातून अर्थ कधी मिळतो, कधी नाही. ब्रेक दाबला की सगळेच दिवे मंद पेटतात, इंडिकेटर दिला की टेललाईट लुकलुकतो, हे ज्याने पाहिले असेल त्याने समजावे, की बल्ब चांगले आहेत, अर्थ गेली आहे. त्यासाठी ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या शेवटापर्यंत अर्थची वेगळी वायर ओढलीच पाहिजे आणि ती बाकीच्यांपेक्षा जाड हवी, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परततो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, अर्थला अडीच, एवढे धरून चालावे. स्पीकरची उरलेली वायर इथे चालत नाही.

स्पीकरवरून आठवले. दिव्याला वायर नाही म्हणणाऱ्या ट्रॅक्टरच्या टपावर बघा. चार-चार भोंगे, ॲम्प्लिफायर, रंगीत दिव्यांच्या माळा. त्याला वायर मिळते, मिस्त्री मिळतो, बॅटरीही पुरते. पुढे दिवाळी आणि मागे अमावस्या. शिवाय त्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही तो वेगळाच. तेव्हा परवडत नाही ही तक्रार आम्हाला पटत नाही. दोन ट्रॉल्यांचे दिवे, प्लग, सॉकेट आणि वायर हा सगळा खर्च ट्रॅक्टरच्या एका टाकी डिझेलच्या आत बसावा.

दोन ट्रॉल्या म्हटल्या की आणखी एक गोष्ट येते. मागून येणाऱ्याला दिसते ती शेपटाची ट्रॉली. पुढच्या ट्रॉलीला दिवा लावून तिचा उपयोग मागच्यांना काही नाही. म्हणजे पुढच्या ट्रॉलीच्या मागेही एक सॉकेट बसवून तिथून दुसरीला प्लग गेला पाहिजे. तसे केले, की बल्बांचा भार वाढतो. ब्रेकलाईटचा बल्ब २१ वॅटचा. ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार असे सहा बल्ब म्हणजे १२६ वॅट, बारा व्होल्टला साडेदहा अँपिअर. ट्रॅक्टरच्या मूळ वायरिंगवर एवढा भार टाकला तर फ्यूज उडतो, आणि फ्यूज उडाला की आपल्याकडे त्या जागी सिगारेटचा चांदीचा कागद किंवा तार घालतात. तिथून आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून ट्रॉल्यांना एलईडीचे दिवे घ्यावेत. त्यांना थोडेच वॅट लागतात, हादऱ्याने फिलामेंट तुटत नाही. फक्त जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरवर एलईडीचा इंडिकेटर नीट लुकलुकत नाही, तेव्हा फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घालून घ्यावा.

बसवताना वायर नळीतून न्यावी, चासीला क्लिपा माराव्यात, दांडीवर वळणापुरती ढील ठेवावी. ढील जास्त झाली तर वायर रस्त्यावर घासते, कमी झाली तर पहिल्याच वळणाला प्लग उपटतो. सॉकेटचे तोंड खाली झुकलेले असावे म्हणजे पाणी साचत नाही. पिनांना व्हॅसलीन लावावे. दिवे वाढ्यांच्या मागे लपणार नाहीत असे, ट्रॉलीच्या कडेला बसवावेत आणि त्यांना लोखंडी जाळी करावी. कारखान्यावर वायररोपने ऊस उतरवताना दिवे फुटतात ही मालकांची तक्रार खरी आहे, तिला जाळी हाच उपाय.

पण एवढे सगळे लिहून आम्ही ट्रॅक्टरमालकालाच उपदेश करून थांबणार असू, तर तो अन्याय होईल. ऊसवाहतूक करणारा मालक कुठल्या ओढाताणीत असतो हे या भागातल्या लोकांना माहीत आहे. ट्रॅक्टरचा हप्ता, टोळीला दिलेली उचल, मुकादम पळाला तर बुडालेले लाखो रुपये, नंबर लागेपर्यंत यार्डात काढलेल्या रात्री. त्याला दिव्याची आठवण शेवटी येते. कारखान्याला मात्र ती आधी यायला हवी. ऊस कारखान्याचा, खेपांचे गणित कारखान्याचे, वाहतुकीचा करार कारखान्याशी. करारात टोळीची संख्या असते, अनामत असते, दंडाची कलमे असतात. मग 'ट्रॉलीच्या शेवटी चालू स्थितीत दिवे' हे एक कलम घालायला कोणाची परवानगी लागते?

आणि तपासणीला वेगळा माणूस नको, वेगळा दिवस नको. प्रत्येक ट्रॅक्टर भरलेला एकदा आणि रिकामा एकदा वजनकाट्यावर उभा राहतोच. रिकामा ट्रॅक्टर रात्री काट्यावरून उतरायच्या आधी ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, दोन्ही इंडिकेटर द्यायचे, वॉचमनने मागे बघायचे. अर्धा मिनीट. दिवा लागत नसेल तर पुढच्या खेपेची स्लिप दिवा लागल्यावर. कारखान्याच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन असतोच, त्याच्याकडे बल्ब, प्लग आणि वायर ठेवून खर्च वाहतूक बिलातून कापून घेतला तर मालकही नाही म्हणणार नाही.

आणखी एक करता येईल. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून ठरवावे, की पिनांचा क्रम एकच. आज या ट्रॅक्टरची ट्रॉली त्या ट्रॅक्टरला लावली, की डावा इंडिकेटर देताच ब्रेकलाईट लागतो. हंगामात ट्रॉल्यांची अदलाबदल रोजची आहे. कारखान्यांचे राजकारण काहीही असो, पिनेला पक्ष नसतो.

पोलिसांनी आणि आरटीओनेही दिवसा नाक्यावर कागद तपासण्यापेक्षा दिवस मावळल्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहावे. दिवा आहे का, हे रात्रीच कळते. दोन ट्रॉल्या, जादा भार, विनानोंदणी ट्रॉल्या हे मोठे विषय आहेत, त्यांवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. मात्र मालकांनी एक लक्षात ठेवावे. अपघाताचा दावा न्यायाधिकरणापुढे उभा राहतो तेव्हा मागचा दिवा चालू होता का, हा प्रश्न विचारला जातो आणि ट्रॉलीची नोंदणी नसेल, विमा नसेल, तर विमा कंपनी हात वर करायला टपलेलीच असते. मग नुकसानभरपाई सातबाऱ्यावर येते.

बैलगाडीवाल्यांचे काय? अजूनही जवळच्या फडातला ऊस गाडीने येतो. पूर्वी गाडीच्या आखाला कंदील टांगलेला असे, लांबून तो हलताना दिसे आणि माणूस ओळखत असे की गाडी आहे. कंदील गेला, त्या जागी काही आले नाही. गाडीला बॅटरी नाही, पण रिफ्लेक्टरची पट्टी आणि सेलवर चालणारा छोटा लाल दिवा लावता येतो. ऊसतोड मजूर बीडकडून बायकापोरांसह येतो, तो हा खर्च करणार नाही. तो कारखान्याने करावा. गाडीवर बहुधा त्याचे लेकरू झोपलेले असते.

तोडणी-वाहतुकीचे करारनामे हंगामाच्या आधीच छापायला जातात. या वर्षीच्या छापील अर्जात ही एक ओळ घालायची की नाही, हे संचालक मंडळांनी येत्या बैठकीत ठरवावे आणि काय ठरले ते सभासदांना कळवावे. वार्षिक सभेत साखरेच्या भावाबरोबर हा प्रश्न विचारायचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे.