पिक्चर पाहून आलेल्या बायका काय बोलतात?

डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत, बायकांच्या डब्यात, एक चित्रपट मंडळ रोज भरते. त्याला अध्यक्ष नाही की वर्गणी नाही. कुणी चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असते, कुणी मांडीवर मेथी निवडत असते, कुणी दाराशी उभी असते, आणि रविवारी पाहिलेल्या पिक्चरचा निकाल मुंब्रा येण्याआधीच लागतो. मध्य रेल्वेने कल्याणच्या मार्गावर महिला विशेष गाडी सुरू केली ती १९९२ साली. ही चर्चा त्याहूनही जुनी असणार. तरी चळवळीतल्या आपण तिच्याकडे कधी नीट कान दिला आहे का, हा प्रश्न मला अलीकडे फार छळतो. म्हणून हे लिहिते आहे.

केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी आला, तेव्हा आमच्या डब्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. नऊवारी नेसून, घोळक्याने, सासूला आणि नणंदेला घेऊन बायका थिएटरात गेल्या. एकमेकींपासून तुटलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच त्याची कथा. मी मनात नाक मुरडले. कसले बाईपण? पुन्हा मंगळागौरच ना? ‘माहेरची साडी’ १९९१ साली आला, तेव्हा बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडत, आणि सोसणाऱ्या सुनेचे एवढे कौतुक कशाला, असे चळवळीतल्या थोरल्या मैत्रिणी म्हणत. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. सोसणे हाच दागिना, हे शिकवणाऱ्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. पण त्या बायका नेमक्या कशासाठी रडत होत्या, हे त्यांना कुणी विचारले होते का?

या वेळी मी नाक मुरडून झाल्यावर मुकाट्याने ऐकत बसले. पन्नाशीची एक बाई म्हणाली, “माझी सख्खी बहीण भांडुपला राहते. चार वर्षं आम्ही बोललो नाही. आईच्या पाटल्यांवरून. पिक्चर सुटला आणि तिथूनच तिला फोन लावला.” दुसरी म्हणाली, “मी शेवटची नाचले ते लग्नाआधी.” मंगळागौरीच्या व्रताबद्दल कुणीच बोलत नव्हते. चर्चा चालली होती ती तुटलेल्या नात्यांची, थकलेल्या शरीरांची आणि स्वतःसाठी कधीच न मिळालेल्या वेळेची. आपण शिबिरात दोन दिवस घालवून ज्या विषयापर्यंत पोहोचतो, तिथे या बायका कळवा खाडीच्या आधीच पोहोचल्या होत्या.

मला हे उशिरा कळले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका बाईने मोजली. ती गोष्ट सांगायला हवी.

कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत आमचा बायकांचा गट दर पंधरवड्याला भरतो. काही वर्षांपूर्वी तिथे आम्ही ‘थप्पड’ दाखवला. अनुभव सिन्हा यांचा २०२० सालचा हा हिंदी चित्रपट. भर पार्टीत नवरा बायकोला एक थप्पड मारतो आणि ती घटस्फोटापर्यंत जाते. पिक्चर संपल्यावर मी ठरवल्याप्रमाणे प्रश्न विचारले. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, “एका थपडेसाठी कुणी घर सोडतं का?” दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी लगेच सरसावले. एक थप्पडही हिंसाच कशी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही कसा येतो, सारे समजावून सांगितले. माझे बोलणे चोख होते. ती बाई हसली, चटई गुंडाळायला मदत केली आणि गेली. पुढच्या बैठकांना ती आली नाही.

आठ महिन्यांनी ती केंद्रात आली तेव्हा तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. नाव-पत्ता लिहून झाल्यावर ती म्हणाली, “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला सांगत नव्हते. विचारत होते.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. “घर सोडतं का” म्हणजे “सोडले तर जायचे कुठे” असा तिचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याच कायद्यात होते. सामाईक घरात राहण्याचा हक्क या कायद्याने बाईला दिला आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, नवऱ्याने मारू नये असा आदेश न्यायालयातून घेता येतो, आणि त्यासाठी आधी घर सोडावेच लागते असे नाही. मी तिला हिंसेची व्याख्या दिली, छपराबद्दल बोललेच नाही. तिने पिक्चरच्या आडून आपले दार किलकिले केले होते, आणि मी तिचे मत दुरुस्त करण्याच्या घाईत ते लावून टाकले.

मला वाटते, आपल्या बायका पिक्चरबद्दल बोलतात तेव्हा पुष्कळदा अशाच बोलतात. “माझा नवरा मारतो” हे चारचौघींत म्हणता येत नाही, पण “त्या हिरॉइनने असं करायला नको होतं” हे म्हणता येते. पडद्यावरच्या बाईची निंदा करणे सोपे असते, कारण ती उलटून बोलत नाही आणि सासरी जाऊन सांगतही नाही. त्या निंदेत भीती किती, हेवा किती आणि चौकशी किती, हे ओळखणे हे आपले काम आहे. त्याच ‘थप्पड’मध्ये एक घरकाम करणारी बाई आहे आणि ती घरी नवऱ्याचा मार खाते. आमच्या गटातल्या चौघी घरकाम करतात. नायिकेपेक्षा त्यांना तीच लक्षात राहिली होती. हेही मला त्या संध्याकाळी कळले नाही, कारण माझ्या प्रश्नांच्या यादीत ती नव्हती.

याच वस्तीतल्या मायलेकींचे ‘सैराट’बद्दलचे बोलणेही मला असेच आठवते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला आणि सगळ्या वस्तीने पाहिला. आई म्हणाली, “पळून गेलं की हेच होतं. बघ म्हणावं.” तिची सतरा वर्षांची मुलगी म्हणाली, “पण आर्चीने बुलेट चालवली ना?” आईला शेवट दिसला, मुलीला सुरुवात. आईला आपण मागासलेली ठरवून मोकळ्या होतो. पण जातीबाहेर लग्न केलेल्या मुलींचे काय होते, हे तिने वर्तमानपत्रात वाचले आहे आणि आपल्या नात्यात पाहिले आहे. तिचे मत भीतीतून आले आहे, आणि ती भीती खोटी नाही. त्या दोघींना एकमेकींशी बोलायला लावणे हे चर्चेचे खरे काम. कोण बरोबर ते मी सांगायचे, असे त्यात काही नाही.

आता दुसरी बाजू. बोलायचे तर आधी पिक्चर पाहायला हवा. जुन्या बायका टिळक टॉकीज, गोपी, ठाण्याचे वंदना अशी नावे घेतात. तिथे गल्लीतल्या चौघीजणी मिळून जायच्या. आता मॉलमधले तिकीट, रिक्षा आणि मुलांचे खाणे यांचा हिशेब केला की घरकाम करणारीचे दोन दिवसांचे काम त्यात जाते. म्हणून पिक्चर मोबाइलवर पाहिला जातो, तोही तुकड्यातुकड्याने. ‘द ग्रेट इंडियन किचन’ हा २०२१ सालचा मल्याळी चित्रपट स्वयंपाकघरात अडकलेल्या सुनेचा. त्यावरून केलेला हिंदी ‘मिसेस’ फेब्रुवारी २०२५ मध्ये घरबसल्या पाहायला मिळाला. आमच्या डब्यातल्या एकीने तो कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये पाच दिवसांत संपवला! सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामासाठी बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ८८. पिक्चर पाहायला सलग दोन तास मिळणे ही सुद्धा हक्काची गोष्ट आहे, हे या आकड्यांवरून कळावे.

आणि मोबाइलवर एकटीने पाहिलेल्या पिक्चरनंतर बोलणार कुणाशी? डोळे पुसायचे आणि पोळ्या लाटायला घ्यायच्या. म्हणून एकत्र पाहणे आणि पाहिल्यावर बोलणे याला आज पूर्वीपेक्षा जास्त मोल आहे.

बायका जे बोलतील ते सारे डोक्यावर घ्यावे, असे मी म्हणत नाही. ‘बाईपण’मधल्या बहिणी आवडल्या, तरी आपल्या वस्तीतली बाई त्यांच्यात कुठे आहे, हे विचारायलाच हवे. सोसण्याचा गौरव होतो तिथे बोट ठेवायलाच हवे. पण ते बोट नंतर ठेवू. आधी ऐकू.

आमच्या गटात आम्ही आता एवढेच बदलले आहे. पिक्चर संपल्यावर पहिला अर्धा तास कार्यकर्तीने काही बोलायचे नाही. मग तीनच प्रश्न विचारायचे. यातली कुठली बाई तुला ओळखीची वाटली? तिच्या जागी तू असतीस तर तुला कशाची भीती वाटली असती? आणि तिला शेजारीण म्हणून तू काय मदत केली असतीस? तिसऱ्या प्रश्नाला उत्तरे येऊ लागतात तेव्हा बोलणे पिक्चरमधून आपसूक चाळीत येते. कायदा मी त्यानंतर सांगते, आणि तेव्हा तो ऐकला जातो.

ती प्लॅस्टरवाली बाई आज त्याच घरात, न्यायालयाच्या संरक्षण आदेशासह राहते. गटातही येते. गेल्या महिन्यात नव्याने आलेली एक मुलगी म्हणाली, “पिक्चरमध्ये काय, काहीही दाखवतात!” मी गप्प बसले. ती बाईच म्हणाली, “काय दाखवलं नाही, ते सांग.”

तुमच्या गटात पिक्चरवर काय बोलणे होते? जरूर लिहून कळवा. आणि लिहिताना तुमचे मत थोडे बाजूला ठेवून, बायका काय म्हणाल्या ते आधी लिहा.