गाडीचा जागल्या

चोराने उलट बोंब मारावी, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यासाठी म्हणही आहे. पण चोरीला जाणाऱ्या मालानेच बोंब मारावी, हे मात्र म्हणी रचणाऱ्यांना सुचलेले दिसत नाही. ते सुचले मोटारी बांधणाऱ्यांना. आणि सुचले तेव्हा त्यांनी ती बोंब कारखान्यातच गाडीत बसवून वेगळे पैसे घेऊन विकायला काढली.

या सदरात मोटारीचा विषय पाहून नेहमीचे वाचक भुवया चढवतील. मराठीच्या मास्तराने व्याकरण सोडून यंत्रात हात घालावा, हे काही शोभत नाही. पण काय करावे? माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याने हौसेने १९७२ सालची कॉर्व्हेट विकत घेतली आणि तिच्यासंबंधी मला एक प्रश्न केला. प्रश्न असा की, गाडीला कारखान्याने बसवलेला चोरीचा अलार्म आहे, पण आधीच्या कोणा मालकाने त्याची तार कापून टाकली आहे. तर ती आता जोडावी की नको? "सर, माझी इथे गल्लीत कोणाशी ओळख नाही. गाडी ओरडली तर येणार कोण?" असे त्याने विचारले. मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे याचे उत्तर नव्हते, म्हणूनच तो माझ्याकडे आला असावा.

शेव्हरले कंपनीने १९६८ साली कॉर्व्हेटचे रूप पार पालटले. लांबलचक नाक, चाकांवर फुगलेली अंगे, आणि एवढ्या थोरल्या देहात बसायला जागा दोनच! दुमडत्या छताच्या गाडीची मूळ किंमत ४,३२० डॉलर. त्यावर जो जो थाट हवा त्याचे पैसे निराळे. या थाटाच्या यादीत 'यूए ६' अशा खुणेने प्रथमच अलार्म आला. त्याची किंमत होती २६ डॉलर ३५ सेंट. याच यादीत रेडिओ १७२ डॉलर ७५ सेंटला होता. त्या वर्षी २८,५६६ गाड्या तयार झाल्या आणि अलार्म घेतला फक्त ३८८ गिऱ्हाइकांनी! लग्नात बँडवाल्याला हवे तेवढे पैसे मोजणारा यजमान दाराच्या कुलपासाठी घासाघीस करतो, त्यातलाच हा प्रकार. पुढच्याच वर्षी मात्र ३८,७६२ गाड्यांपैकी १२,४३६ गाड्यांना अलार्म लागला. म्हणजे जवळजवळ तिघांत एकाला. इतके शहाणपण एका वर्षात जाहिराती वाचून येत नाही. ओळखीच्या कोणाची तरी गाडी गेली म्हणजे येते, असे आपले मला वाटते. १९७२ पासून तर कंपनीने तो प्रत्येक कॉर्व्हेटला आपणहून बसवायला सुरुवात केली.

यंत्र तसे अगदी साधे. बाहेरून किल्ली फिरवली की पहारा सुरू. दारांच्या चौकटीत आणि बॉनेटखाली बटणे असतात; फ्रिजचे दार उघडताच आतला दिवा लावणारे असते ना, तसली. दार उघडले की दाबून राहिलेले बटण वर येते, विजेची वाट जुळते आणि भोंगा सुरू होतो. यात एक गंमत आहे. इतर मोटारींत लोखंडी अंगच विजेच्या परतीचा रस्ता होते. कॉर्व्हेटचे अंग १९५३ पासून, म्हणजे तिच्या जन्मापासून, फायबरग्लासचे. त्यातून वीज वाहत नाही. म्हणून दिव्याला काय, बटणाला काय, परतीची तार वेगळी ओढावी लागते. पन्नास वर्षांत ही तार गंजते, सैल होते, आणि मग गाडी एक तर मुकी होते, नाही तर मध्यरात्री उगाचच गळा काढते. आधीच्या मालकाने तार का कापली, याचा उलगडा माझ्या विद्यार्थ्याला इथे झाला.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. हा भोंगा चोराला अडवत नाही. तो चाक धरीत नाही, पेट्रोल तोडत नाही. तो फक्त हाक मारतो. त्या हाकेने कोणी तरी खिडकी उघडावी, चोराला लाज किंवा भीती वाटावी, एवढ्यावरच त्याची सारी भिस्त. चाक धरणारी योजना निराळी होती. १९६९ च्या गाड्यांत किल्लीचे भोक समोरच्या फळीवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर आले आणि किल्ली काढली की स्टिअरिंग जखडू लागले. १ जानेवारी १९७० पासून अमेरिकन सरकारने नव्या मोटारींना नियमच घातला की, किल्ली काढल्यावर गाडीचे स्टिअरिंग तरी फिरता कामा नये किंवा ती आपल्या बळाने चालता तरी कामा नये. शिवाय किल्ली आत ठेवून कोणी दार उघडले तर गाडीने सूचना द्यावी. ही गुरगुर चोरासाठी नव्हे हो, मालकासाठी! किल्ली गाडीतच ठेवून खाली उतरणाऱ्या महाभागांची संख्या काही थोडी नव्हती.

आपल्या गावगाड्यात जागल्या होता. त्याने रात्री आरोळी दिली की चार घरची दारे उघडत, कंदील बाहेर येत. जागल्याचे बळ त्याच्या गळ्यात नव्हते, त्या उघडणाऱ्या दारांत होते. मोटार कंपनीने गळा तेवढा दिला. दारे कोठून द्यावी? पुढे तर बाजारात नाना तऱ्हेचे अलार्म आले. ट्रक शेजारून गेला तरी ओरडणारे, मांजराने टपावर उडी मारली तरी ओरडणारे. न्यूयॉर्क शहराने कायदाच केला की मोटारीचा अलार्म तीन मिनिटांत आपोआप थांबला पाहिजे. बोंबेला मुदत घालून द्यावी लागली, तेव्हा तिथले लोक ती ऐकायचे केव्हाच थांबले होते, हे उघड आहे. लांडगा आला रे आला, दुसरे काय!

हे कारखानदारांच्याही ध्यानात आले असावे. १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये त्यांनी अगदी उलट वाट धरली. किल्लीच्या पात्यात काळ्या मण्यासारखी एक गोळी बसवली. तिच्यात विजेला ठरावीक अटकाव असतो. असे पंधरा प्रकार होते. गाडी किल्ली घातल्यावर आधी हा अटकाव मोजते. तो जुळला नाही तर स्टार्टर फिरत नाही, पेट्रोल सुटत नाही, आणि काही मिनिटे गाडी कोणाचेच ऐकत नाही. चोराने हुबेहूब दात्यांची किल्ली घडवून आणली तरी पंधरांतली गोळी कोणती, हे अजमावत त्याला रस्त्यात ताटकळावे लागणार. आरडाओरडा करून शेजाऱ्यांना बोलावण्यापेक्षा मुकाट्याने हटून बसणे चोराला जास्त जड जाते. कोणत्याही घरातल्या म्हाताऱ्या आजीला हे कोणी शिकवावे लागत नाही.

मात्र याही पहाऱ्याला वय होते. गोळीवरचे स्पर्श झिजतात, स्टिअरिंगच्या दांड्यातल्या केसासारख्या तारा तुटतात, आणि मग गाडी एके दिवशी आपल्या धन्यालाच चोर समजते. त्या काळच्या कॉर्व्हेट बाळगणारे कित्येक शौकीन आता बाजारातून तेवढ्याच अटकावाचा एक तुकडा आणून कायमचा जोडून टाकतात. म्हणजे गाडीला असे वाटत राहते की योग्य किल्ली आतच आहे. आधीच्या पिढीने भोंग्याची तार कापली, या पिढीने मुकेपणाची समजूत काढली.

माझ्या विद्यार्थ्याला मी लिहिले, "तार जोड. पण आधी शेजाऱ्यांशी बोल." त्याच्या बायकोला हा सल्ला काही पसंत पडला नाही; लोकांच्या दारात जाऊन 'माझी गाडी ओरडणार आहे' असे काय सांगायचे, असे तिचे म्हणणे. तरी एका रविवारी तो आजूबाजूच्या चार घरी जाऊन आला. दोन ठिकाणी कोणी दार उघडले नाही. एका बाईंनी हसून बरे म्हटले. चौथ्या घरात एक निवृत्त गृहस्थ निघाले. "कोणत्या सालची?" एवढे त्यांनी विचारले आणि हातात बॅटरी घेऊन ते याच्याबरोबर गॅरेजमध्ये आले. बॉनेटखालच्या बटणाची परतीची तार सैल होती, ती त्यांनीच शोधून काढली. भोंगा तपासताना पुढल्या गल्लीतले कुत्रे भुंकले, पण माणसे कोणी आली नाहीत. आता महिन्यातून एकदा दोघे मिळून ती गाडी बाहेर काढतात, आणि तिची दुसरी किल्ली त्या गृहस्थांच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असते.