कामावर असताना लघवी ठिबकते? पॅड घेताना आधी तास मोजा, मग पाकिटावरचा आकार बघा

सकाळी घरून निघताना चहा अर्धा कप आणि पाणी नाहीच. भोरहून स्वारगेटची एसटी धरायची असो, नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यातली पहिली पाळी गाठायची असो किंवा वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवर घरभेटीला जायचं असो, अनेक बायकांचा दिवस असाच कोरड्या घशानं सुरू होतो. वाटेत जायचं कुठं, हे त्याचं उघड कारण. त्यामागे दुसरं एक कारण बऱ्याचदा दडलेलं असतं. शिंक आली, पाटी उचलली, एसटी खड्ड्यात आदळली की थोडी लघवी होऊन जाते. हे घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नसतं.

मग हाताशी असेल ते वापरलं जातं. पाळीचं पॅड, जुन्या साडीची घडी, नाहीतर एकावर एक दोन निकर. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ठिबकणारे पुरुष गडद पँट घालतात आणि शर्ट बाहेर सोडतात. यात हसण्यासारखं काही नाही. पण यातली बहुतेक साधनं या कामासाठी बनलेलीच नसतात. शिवाय योग्य वस्तू दुकानात असली, तरी ती अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी असते, असाच सर्वांचा समज. कामावर जाणाऱ्या चाळिशीतल्या बाईनं ती मागायची कशी?

पाळीचं पॅड का पुरत नाही?

पाळीचा रक्तस्राव दाट असतो आणि हळूहळू होतो. एका पाळीतल्या सगळ्या दिवसांचा मिळून तो साधारण ३० ते ८० मिलीलिटर भरतो. लघवी पातळ असते आणि एका खोकल्यासरशी ३०-४० मिलीलिटर बाहेर येऊ शकते, तीही एक-दोन सेकंदांत. पाळीच्या पॅडला एवढा वेग झेपत नाही. लघवी वरच्या वर पसरते, कडेनं निसटते आणि कातडी ओली राहते.

लघवीसाठीच्या पॅडमध्ये कापसासारख्या लगद्याबरोबर पाणी शोषून त्याची जेली करणारी पावडर भरपूर असते. जेली झाली की वर बसून दाब दिला तरी ओल परत वर येत नाही. इथे एक गंमत आहे. ही पावडर साध्या पाण्यात स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पाणी धरते, पण लघवीत क्षार असल्यानं ती क्षमता तीस-चाळीस पटींच्या आसपास येते. त्यामुळे घरी नळाचं पाणी ओतून पॅडची परीक्षा घेतली, तर निकाल हमखास फसवा येणार. जाहिरातीतल्या निळ्या पाण्याचंही तेच.

आधी गळती कोणती ते ओळखा

खोकताना, हसताना, वजन उचलताना थोडी थोडी होत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला आणि बद्धकोष्ठता ही त्याची नेहमीची कारणं. अशा गळतीला बहुतेकदा पातळ पॅड पुरतं.

अचानक इतकी जोराची लागते की मोरीपर्यंत पोचेस्तोवर निसटते, हा दुसरा प्रकार. यात एका वेळी बरीच लघवी जाऊ शकते. दिवसभर काहीच नाही आणि एकदाच सगळं, असं झालं तर पातळ पॅड काय करणार? दोन्ही प्रकार एकत्र असणंही अगदी नेहमीचं आहे. तिसऱ्या प्रकारात मूत्राशय नीट रिकामंच होत नाही आणि भरून वाहतं. वाढलेली प्रोस्टेट किंवा जुना मधुमेह असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण तिथे पॅड निवडत बसण्याआधी तपासणी लागते.

किती जाते? स्वयंपाकघरातला काटा सांगेल

अंदाज नेहमी चुकतो. कुणाला चार थेंब म्हणजे पूर वाटतो, कुणी निथळत असूनही थोडंसंच म्हणतं. त्यावर डॉक्टरही वापरतात अशी एक सोपी युक्ती आहे. कोरडं पॅड पिशवीत घालून डिजिटल काट्यावर तोला. वापरून झाल्यावर तेच पॅड, तीच पिशवी, तोंड बांधून पुन्हा तोला. एक ग्रॅम फरक म्हणजे साधारण एक मिलीलिटर लघवी. कामाच्या तीन दिवसांत हे केलं की तासाला किती जाते, ते कळतं. सुट्टीच्या दिवशी मोजू नका, कारण त्या दिवशी पाटी उचललेली नसते आणि संडासही दहा पावलांवर असतो.

भोर-वेल्ह्यात खरा प्रश्न तासांचा

पाकिटावर छोटा, मध्यम, मोठा असे आकार असतात. पाण्याच्या थेंबांची चित्रं असतात. एका कंपनीचे तीन थेंब म्हणजे दुसरीचे तीन थेंब नव्हेत. मिलीलिटरचा आकडा छापलेला असला, तरी तो प्रयोगशाळेत अख्खं पॅड बुडवून काढलेला असण्याची शक्यता जास्त. अंगावर, बसल्या-उठल्या, मांड्यांच्या दाबाखाली पॅड त्यापेक्षा बरंच कमी धरतं. सावधपणे निम्माच धरलेला बरा.

पण पाकिटावर न लिहिलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पॅड बदलायला बंद दार, पाणी आणि टाकायला जागा पुन्हा कधी मिळणार?

भोरच्या बाजारपेठेत दुकानात काम करणारी आणि घर हाकेच्या अंतरावर असलेली बाई दिवसात तीनदा बदलू शकते. तिला पातळ पॅड पुरेल आणि स्वस्तही पडेल. कारखान्यातल्या कामगाराचं गणित वेगळं. आठ तासांची पाळी आणि जायचा-यायचा प्रवास धरून दहा तास होतात, म्हणून अनेक जण सर्वात जाड डायपर घेतात आणि दिवसभर त्यात उकडतात. खरं तर चहाची सुट्टी आणि जेवणाची सुट्टी असे दोन थांबे मधे असतात. म्हणजे एका पॅडला दहा नव्हे, तीन-चार तास काढायचे असतात. मध्यम जाडीचं पॅड, दोन सुट्ट्यांत दोनदा बदल, हे अंगालाही सोसतं.

वेल्ह्याच्या दुर्गम वाड्यांवर फिरणाऱ्या आशाताईंना असे थांबे नसतात. पाच-सहा तास पायपीट, आणि मधे दुसऱ्याच्या घरी पॅड बदलायची सोय विचारायची म्हणजे संकोच. तासाला १५ ग्रॅम जात असतील, तर सहा तासांचे ९० झाले. अचानक लागणारी एखादी जोराची वेळ धरून दुप्पट, म्हणजे १८० धरा. पाकिटावरचा आकडा निम्मा मोजायचा, म्हणजे साडेतीनशे-चारशेच्या पुढचं साधन लागेल. हे गणित पातळ पॅडचं नाही. निकरसारखं चढवायचं डायपर इथे कामी येतं.

भातलावणीत सगळंच बिघडतं. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून, वर पाऊस. इरलं असो वा प्लास्टिकची खोळ, कमरेखालचं अंग भिजतंच. ती पावडर लघवी आणि पावसाचं पाणी यांत फरक करत नाही. तासाभरात पॅड फुगून मांडीला लोंबतं. लावणीच्या दिवसांत पॅडवर पैसे घालण्यापेक्षा ठरावीक वेळानं बांधाआड जाऊन येणं, आत लवकर वाळणारी निकर आणि घरी आल्या आल्या कोरडे कपडे, हे जास्त शहाणपणाचं.

दुकानात काय मागायचं?

चिकटपट्टीचं पॅड निकरला चिकटतं. साडीच्या आत निकर न घालणाऱ्या कितीतरी जुन्या जाणत्या बायका आहेत. त्यांच्यासाठी हे पॅड निरुपयोगी, हे सल्ला देणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. त्यांनी थेट निकरसारखं डायपर घ्यावं. कडेला पट्ट्या लावायचं डायपर झोपलेल्या रुग्णासाठी सोयीचं असतं. कामावर उभ्यानं ते बदलणं जिकिरीचं आहे. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला शोषण जास्त असलेलं, खोलगट आकाराचं पॅड मिळतं. भोरमध्ये ते काउंटरवर दिसलं नाही, तर औषध दुकानदाराला मागवून देण्याबद्दल विचारावं.

माप कंबर आणि नितंब मोजून घ्या. मोठं घेतलं की जास्त धरेल, हा समज चुकीचा. सैल डायपर मांडीच्या कडेनं गळतं. तसंच एकावर एक दोन पॅड लावू नका. पॅडच्या खालच्या थराला प्लास्टिक असतं, त्यामुळे वरचं भरलं तरी खालच्यापर्यंत थेंब पोचत नाही. फक्त जाडी वाढते.

धुऊन वापरायच्या, आत शोषक थर शिवलेल्या निकर थोड्या गळतीला छान असतात आणि पैसेही वाचवतात. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये वेल्ह्याकडे कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. दमट निकर पुन्हा चढवली की मांड्यांत खाज, बुरशी ठरलेली. तेव्हा उन्हाळ्यात कापडाच्या आणि पावसाळ्यात टाकून द्यायच्या, अशी विभागणी करता येते.

कातडी जपा, पाणी तोडू नका

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती तासन्‌तास राहिली की अमोनिया होतो, वास सुटतो आणि कातडी सोलवटते. पॅड बदलताना साध्या पाण्यानं धुऊन, टिपून कोरडं करा. जंतुनाशक द्रव ओतू नका, पावडर थापू नका. ओलीनं पावडरीचे गोळे होतात आणि तेच घासतात. पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात पुरे. जाड थर दिला तर पॅडचं तोंडच बंद होतं.

पाणी न पिणं हा उपाय नाही. लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चुरचुरते आणि उलट जास्त घाईची लागते. जंतुसंसर्गाची शक्यता वाढते ती वेगळीच. चहा कमी करून पाहावा, पाणी नव्हे.

वापरलेलं पॅड टाकायचं कुठं?

इथे मात्र जबाबदारी एकट्या कामगाराची नाही. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी वापरलेलं डायपर आणि पॅड यांना स्वच्छताविषयक कचऱ्यात धरलं, ते गुंडाळून द्यायला सांगितलं आणि त्यासाठी पाकिटासोबत पिशवी द्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कागदात गुंडाळून टाकण्यासाठी झाकणाचा डबा मालकानं ठेवायला नको? स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहाची सक्ती तर १९४८च्या कारखाने कायद्यातच होती. महिलांच्या स्वच्छतागृहात डबा ठेवण्याचं भान काही ठिकाणी आलं आहे. पुरुषांच्या बाजूला तो ठेवायचं कुणाला सुचतही नाही, म्हणून पॅड संडासात जातं आणि संडास तुंबतो.

मुंबईत २०११च्या सुमारास ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायालयांच्या आवारातल्या स्वच्छतागृहांच्या प्रकरणात निकाल देताना ही सोय राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी जोडली. चहाच्या सुट्टीव्यतिरिक्त पाच मिनिटं मागणाऱ्या कामगाराकडे संशयानं पाहणाऱ्या सुपरवायझरपर्यंत हे अजून पोचायचं आहे.

खर्च आणि कर

समजा एक नग ३० रुपयांना पडला, रोज दोन लागले आणि महिन्याचे २६ दिवस काम असलं, तर १,५६० रुपये झाले. हा आकडा तुटपुंज्या पगारात दुखतो. करातही एक विचित्रपणा आहे. पाळीच्या पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८मध्ये शून्य झाला. ‘क्लिनिकल डायपर’वर मात्र १२ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्के झाला. म्हणजे या कामासाठी न बनलेल्या वस्तूवर कर नाही, बनलेल्या वस्तूवर आहे. दर कमी झाला ही चांगली गोष्ट, पण उरलेले ५ टक्के तरी कशासाठी?

डॉक्टरांकडे कधी?

पॅड गळती झेलतं, थांबवत नाही. खोकल्या-शिंकेबरोबरच्या गळतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम पुष्कळ जणींना उपयोगी पडतो. अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये तो मांडला. वायू रोखताना जसं आवळतो तसं आवळायचं, पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. शिंक येतेय असं वाटताच किंवा पाटी उचलण्याआधी आवळलं, तर त्या क्षणाची गळतीही कमी होते. एकदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून बरोबर करतोय का, हे बघून घेतलेलं चांगलं. ‘अंग बाहेर येतं’ अशी तक्रार सोबत असेल, तर आत बसवायची रिंग हाही पर्याय असतो, दरवेळी ऑपरेशनच लागतं असं नाही.

लघवीत रक्त, जळजळीसह ताप, लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद अचानक जाणं, बाळंतपण अथवा पिशवी काढल्यानंतर रात्रंदिवस सतत वाहणं, यांपैकी काहीही असेल तर पॅड आणायला न जाता आधी दवाखाना गाठा. भोरचं उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं आरोग्य केंद्र सुरुवातीला चालेल. पुढची तपासणी लागली तर पुण्यात ससून आहे.

बाहेर रांग असते, आत बोलायला वेळ कमी मिळतो आणि ‘अंगावरून जातं’ एवढंच म्हटलं, तर श्वेतप्रदर समजून गोळ्या हातात पडू शकतात. त्यापेक्षा चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या: लघवी कशानं निसटते, दिवसातून किती वेळा, काट्यावर किती ग्रॅम भरली आणि कोणत्या गोळ्या सुरू आहेत. बोलायचा संकोच वाटला, तर चिठ्ठीच पुढे करा.