मूलपेशींचे संशोधन आणि मूलपेशींचा बाजार

मुरबाडच्या खाचरांत वाकून भातलावणी करणाऱ्या माउलीला आमवात जडला, की सारे घरच अंथरुणाला खिळते. या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंऐवजी स्वतःच्याच सांध्यांवर उलटते; रक्षकच घरभेदी व्हावा, तसे. अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल मूलपेशींत या बेभान पेशींना आवरण्याची क्षमता आढळली आहे. माळशेज घाटापलीकडे, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने 'इंटरल्यूकिन-३' या प्रथिनाचा अभ्यास केला. ते मानवी मूलपेशींना अस्थिनिर्मितीकडे वळविते, आणि उंदरांमधील आमवात सौम्य करते, असे त्यांनी दाखविले. उंदरांमधील! स्वदेशी विज्ञानाचा अभिमान बाळगताना हा शब्द गाळता येत नाही.

बाजार मात्र नेमका तोच गाळतो आणि मूलपेशींची महागडी इंजेक्शने विकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारख्या ठरावीक व्याधींतील प्रत्यारोपण वगळता इतर वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच ठेवला. हा संथ मार्ग व्यर्थ नव्हे. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सला बर्जर व्याधीवरील मूलपेशी उपचारासाठी २०१६ साली मर्यादित मान्यता मिळाली, ती चाचण्यांनंतरच. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी शेत गहाण टाकू पाहणाऱ्या कुटुंबाला एवढेच सांगावे: आधी औषध नियंत्रकांची मान्यता दाखवायला सांगा, नाहीतर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.