जागा कोण घडवितो?

नगरनियोजनाच्या परिभाषेत ‘प्लेसमेकिंग’ हा शब्द आता प्रतिष्ठा पावला आहे. चौकात बाके मांडली, भिंती रंगविल्या, दिवे लावले की जागेला व्यक्तिमत्त्व येते, असा त्यामागील सर्वसाधारण समज दिसतो. बाकांना व दिव्यांना कोणी विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जागेला जिवंतपणा कोण देतो, हा.

मुंबईच्या गिरणगावाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. परळ-लालबागचा हा परिसर कोणा वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यातून जन्मला नाही. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी तो घडविला. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, भजनी मंडळे, तालमी, गेटसभा यांतून तेथील माणूस जागेशी जोडला गेला. खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांनी शेकडो एकट्या कामगारांना घरचे जेवण दिले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांनाच संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. श्रम, शेजार आणि संघर्ष यांतूनच जागा आपली होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनींचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोकांचा वाटा आक्रसला, मॉल आणि मनोरे उभे राहिले. या झगमगाटाशेजारी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर, २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचे बळी गेले.

२०२४ साली शासनाने गिरणी कामगारांना वांगणी व शेलू येथे घरे देण्याची योजना पुढे आणली. जुलै २०२५ मध्ये कामगार व त्यांचे वारस मुंबईतच घर मागत आझाद मैदानावर जमले. ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे. ज्यांनी जागा घडविली त्यांनाच वगळून होणारे सुशोभीकरण हे विस्थापनाचेच गोंडस नाव ठरते.

१९६६ च्या नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविण्याचा अधिकार नागरिकांना दिला आहे. कार्यकर्त्यांनी तो चाळीचाळीत, वस्तीवस्तीत पोहोचविला पाहिजे. जागेचे भवितव्य तेथे राहणाऱ्यांनी ठरवावे, हाच लोकशाहीचा अर्थ आहे.